पायरीवर बसलेला नावाडी

कामावरून आल्यावर मावशी आधी हात धुवायची, टॉवेलला बोटं एकेक करून पुसायची आणि मगच फोन हातात घ्यायची. तिचा पहिला शब्द रोज तोच असायचा, कंसातला. "(आले.)" कधी त्याला शेपूट असायचं, "(आले. चहा घेते, मग लिहिते.)" आणि निघताना पुन्हा कंसात, "(येते.)" जाते असं तिनं कधीच लिहिलं नाही. जाते म्हणू नये, हे आपल्याला लहानपणीच कुणीतरी दटावून शिकवलेलं असतं.

कंस लागायचा, कारण ती ज्या साइटवर लिहायची तिथे प्रत्येक जण दुसराच कुणीतरी असायचा. खेळ साधा होता. नदीकाठचं एक गाव, जे कुठेच नव्हतं. दहाबारा माणसं आपापल्या घरून त्या गावात राहायची. प्रत्येकाचं एक पात्र. आपल्या पात्रानं काय केलं, काय म्हटलं, ते एका परिच्छेदात लिहायचं आणि थांबायचं. मग पुढचा त्याचं लिहिणार. चित्रं नाहीत, गुण नाहीत, हरणं-जिंकणं नाही. आणि पात्र बाजूला ठेवून आपलं स्वतःचं काही सांगायचं असेल, तर ते कंसात. कंसाबाहेर मावशी त्या गावची खाणावळवाली होती. कंसाच्या आत ती मावशी होती, पण तिथे ती फार वेळ थांबायची नाही.

"तिकडे अख्ख्या गावाला जेवू घालते," आई म्हणायची, "आणि इकडे स्वतःच्या ताटात काय आहे ते बघत नाही."

"ताई, तिकडचे लोक वाढलेलं गुपचूप खातात," मावशी मान वर न करता म्हणायची.

ती आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. एक लोखंडी खाट, एक कपाट, खिडकीत चार्जर. कामाला एका मोठ्या लॉन्ड्रीत. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी तिथे ढिगानं यायच्या. मावशी गरम रोलरवर होती. ओलसर चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, ताणायची आणि एकदम रोलरखाली सारायची. तिच्या जोडीला एक उंच बाई होती, तिला सगळ्या लांबी म्हणायच्या. एकीनं घाई करून ओढलं की चादर तिरकी जाते, आणि तिरकी दाबली गेलेली चादर परत भिजवल्याशिवाय सरळ होत नाही. मावशीच्या मनगटांवर रोलरच्या कडेनं उमटलेले तपकिरी डाग होते. त्याच हातांनी ती लिहायची, दोन अंगठे आणि एक तर्जनी एवढ्यावर.

खेळाची शिस्त तीच सांभाळायची. नवीन माणूस आला की थोडे दिवस तिच्या नजरेखाली. मला तिच्या शेजारी बसून वाचायला आवडायचं. एकदा एक सरदार आला. आल्या आल्या पहिल्याच परिच्छेदात त्यानं बाजारात तिघांची मुंडकी उडवली, चौथ्याला शरण आणलं आणि खाणावळवालीला आपल्या प्रेमात पाडलं. मावशी इतकी हसली की चहा सांडला. मग तिनं लिहिलं: "(सरदार, स्वागत. तलवार जरूर उगारा. मान तुटली की नाही, हे मान ज्याची आहे त्याला ठरवू द्या. आणि माझ्या प्रेमाचं म्हणाल तर आधी ताट उचलून ठेवा, मग बघू.)"

सरदारानं माफी मागितली. पुढे तो बरा लिहू लागला. तिच्याकडून सगळे असंच काही ना काही शिकले. एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होऊ नये, समोरच्यानं तुमच्यासाठी वेळ काढलाय. तुम्हाला ठाऊक असलेलं सगळं तुमच्या पात्राला ठाऊक नसतं. दोन दिवस जमणार नसेल तर सांगून जावं. आणि आपलं लिहून झालं की पुढच्याला धरायला टोक ठेवावं. एखादा प्रश्न, अर्धवट उघडं दार, हातातून पडलेली वाटी, काहीही. "नाहीतर तो बिचारा काय करणार? तुमच्या सुंदर वाक्याकडे बघत बसणार?"

एका गोष्टीत मात्र ती फार कडक होती. पात्र रडलं म्हणून लिहिणाऱ्याला रुमाल द्यायला धावायचं नाही. काय झालं, बरं आहे ना, असं विचारायचं नाही. पात्राचं दुःख पात्राचं.

हा नियम कुठून आला ते मला माहीत होतं. मावशीचं लग्न मोडलं त्या वर्षी तिला जो भेटेल तो मान वाकडी करून "कशी आहेस गं?" विचारायचा. नळावर, जिन्यात, लॉन्ड्रीत. त्याच वर्षी तिला हा खेळ सापडला आणि तिथे तिला कुणीच काही विचारलं नाही. तिथे ती वाढायची, भांडायची, गिऱ्हाइकांची टिंगल करायची. "तिथे मी हसले ना, की लोकांना खरंच वाटायचं मी हसतेय," ती मला एकदा म्हणाली. "मग हळूहळू मलाही वाटायला लागलं."

नावाडी तिच्या आधीपासून त्या गावात होता. तो कोण, कुठला, बाई की पुरुष, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पात्र पुरुषाचं म्हणून आम्ही 'तो' म्हणायचो. सगळ्यांत छान तोच लिहायचा. त्याच्या परिच्छेदातलं पाणी गार लागायचं. आणि टोक ठेवावं तर त्यानंच. त्याचं वाचून झालं की खाणावळवालीला काय म्हणायचं ते आपोआप सुचायचं. कंसात तो थोडंसं बोलायचा. "(दाढ दुखतेय, आज थोडक्यात.)" "(बस बंद पडली, चालत आलो.)" "(बहिणीकडे जेवलो, झोप येतेय.)" पुढे पुढे त्याचे कंस कमी झाले. मग बंदच झाले. मावशीला त्यात वावगं वाटलं नाही. "मुरलाय आता," ती म्हणाली. "पात्राच्या बाहेरच येत नाही."

एका दुपारी तिनं मला हाक मारली. "ऐक, ऐक. काय लिहितो गं हा माणूस!"

तिनं मोठ्यानं वाचलं. नावाड्यानं होडी काठावर ओढून पालथी घातली. कंदील चौकीदाराला देऊन टाकला. वल्हं आणून खाणावळीच्या दाराशी टेकवलं. "ज्यांना पलीकडे जायचं होतं ते सगळे पोचले," तो म्हणाला, आणि धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर, पाण्यापाशी, जाऊन बसला.

डोळे भरून आले होते तिचे, चांगलं वाचल्यावर येतात तसे. मग तिनं आपलं लिहिलं. खाणावळवालीनं वल्हं उचलून दारामागे ठेवलं आणि हाक देऊन म्हणाली, "दमलात तुम्ही. बसा निवांत. इथलं मी बघते." आणि खाली, कौतुक आवरेना म्हणून: "(नावाडी, हे तुमचं आजवरचं सगळ्यात सुंदर लिखाण. पुढे काही बोलायची सोयच ठेवली नाहीत!)"

त्यानंतर नावाड्याचं काही आलं नाही.

पहिले काही दिवस कुणी मनावर घेतलं नाही. माणसांना कामं असतात. आठवडा उलटून गेल्यावर एका सकाळी रोलरपाशी लांबीला शिंक आली आणि तिच्या हातातून चादर सुटली. लांबीनं मला हे नंतर सांगितलं. मावशी आपलं टोक धरून तशीच उभी राहिली, समोरून चादर जमिनीवर लोळतेय, मागे ढीग साचतोय, सुपरवायझर बाई ओरडतेय, आणि ही एकच वाक्य म्हणतेय, "टोक नाही ठेवलं त्यानं."

घरी आल्यावर तिनं हात न धुताच फोन घेतला. सगळं पुन्हा वाचलं. कंदील दिला. वल्हं दिलं. होडी पालथी घातली. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही असं लिहिलं नव्हतं, की पुढच्याला काही धरताच येऊ नये. "आणि मी काय म्हटलं? काय म्हटलं मी त्याला?" ती मला विचारत होती. फोन माझ्यापुढे धरला होता. मी वाचून दाखवावं असं तिला वाटत होतं की वाचू नये असं, मला कळेना.

"मावशी, अगं, पात्र आहे ते. तूच म्हणतेस ना?"

"मीच म्हणते," ती म्हणाली. "मीच म्हणते ना."

मग तिनं कंस उघडला. "(नावाडी, आहात का?)" दुसऱ्या दिवशी, "(नावाडी, रागावलात का? काहीही लिहा. एक अक्षर लिहा.)" शोधायचं तरी कुठे? खरं नाव विचारायचं नाही हाही तिचाच नियम. तिनं त्याचे जुने कंस धुंडाळले. बस. बहीण. दाढ. एकदा कधीतरी, "(शेजारच्या शाळेची घंटा झाली.)" एवढ्यावर माणूस सापडतो का? साइट चालवणाऱ्याला तिनं विनवण्या केल्या. त्याचं उत्तर सभ्य होतं: कुणाची खासगी माहिती आम्ही देऊ शकत नाही. ती दवाखान्यांना फोन करायला लागली. पलीकडून विचारायचे, पेशंटचं नाव? ती म्हणायची, "नावाडी."

आई वैतागली. "नाव नाही, गाव नाही, तोंड बघितलेलं नाही, आणि त्याच्यापायी ही दोन घास गिळत नाही! वेड लागलंय हिला." पण त्या संध्याकाळी आईच तिच्या खोलीत ताट घेऊन गेली आणि ती जेवेपर्यंत तिथेच बसून राहिली.

गावातले लोक कंटाळले. गोष्ट अडली होती. सरदारानं अदबीनं सुचवलं: "(नावाडी एका पहाटे नदीतून निघून गेला, असं मी लिहू का? म्हणजे सगळ्यांना पुढे जाता येईल.)"

मावशीनं लिहिलं, "(हात लावायचा नाही त्याला.)"

सरदार म्हणाला, "(वहिनी, तुमचं दुःख समजतं, पण)"

"(नाही समजत. तो बसलाय तिथे. त्यानं उठेन म्हटलं नाहीये. त्याला उठवायचं नाही, बुडवायचं नाही, पाठवायचं नाही. ज्याचा तो आहे, तो सांगेल.)"

एकेक जण गाव सोडून गेला. काहींनी सांगून सोडलं, काहींनी तसंच. खाणावळवाली मात्र रोज पायरीवर जायची. आधी "(आले.)" मग दोन-चार ओळी. ते वाचणं मला जड जायचं. ती ताट घेऊन आली, पण तो जेवला असं तिला लिहिता येत नव्हतं. त्यानं मान वळवली, असंही नाही. तो श्वास घेतोय एवढंसुद्धा तिच्या हातात नव्हतं. एके दिवशी वारा सुटला, तर तिनं घोंगडी आणली, आणि खांद्यावर टाकली असं लिहून खोडलं. घोंगडी तिनं त्याच्या शेजारी, हात लांब केला तर पोचेल अशी, पायरीवर ठेवली.

"टाक ना खांद्यावर," मी म्हटलं. "कोण बघतंय आता?"

"आणि त्यानं झटकली तर?" ती म्हणाली. "झटकायचा हक्क आहे त्याचा."

साइटवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असायचा. माणूस आत आला की तो हिरवा व्हायचा. नावाड्याचा कितीतरी दिवस राखाडी होता. एका सकाळी मी माझ्या फोनवर सहज ते पान उघडलं, आणि तो हिरवा दिसला.

मी मावशीला फोन लावला. ती रोलरवर होती. तिनं चादर अर्ध्यात सोडली, लांबी किंचाळली, चादर गुंडाळली जाऊन यंत्र अडकलं, आणि मावशीनं तिथेच ओल्या हातांनी लिहिलं. घाईत, चुका करत. तिच्याकडून इतक्या चुका मी कधी पाहिल्या नव्हत्या. "(नावाडी मी खाणावळवाली नाही. मी एक बाई आहे लॉन्ड्रीत काम करते. तुम्ही नावाड्याचं लिहिलं होतं की तुमचं. मी तेव्हा विचारायला हवं होतं. आता विचारते. तुम्ही बरे आहात का)"

ठिपका आणखी थोडा वेळ हिरवा होता. मग राखाडी झाला.

"वाचलं ना त्यानं?" घरी आल्यावर तिनं विचारलं. ती जिना धावत चढली होती.

"वाचलं," मी म्हटलं. मग मला राहवलं नाही. "कुणीतरी वाचलं."

तिला कळलं. फोन सापडला तर त्याची बहीणही उघडून बघू शकते. ती खाटेवर बसली आणि मनगटावरच्या जुन्या डागावरून अंगठा फिरवत राहिली. "कुणीतरी," ती म्हणाली. "हो."

यंत्र अडकल्यामुळे लॉन्ड्रीत फोन न्यायला बंदी झाली. मग मावशी फोन घरी ठेवून जायला लागली, खिडकीत, चार्जरला लावून, ते पान उघडं ठेवून. येता-जाता ठिपक्याकडे बघायचं काम माझ्याकडे आलं. तो पुन्हा हिरवा झाला नाही. ती आली की माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मग हात धुवायला जायची.

लॉन्ड्रीतच गेली ती, कामावर असताना. डॉक्टर म्हणाले हृदय, बऱ्याच दिवसांचं असणार, तक्रार नव्हती का काही? आईनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. लांबी स्मशानापर्यंत आली होती. सगळा वेळ तिचे हात पुढे धरलेले होते, जसं काही समोरून अजून कुणी टोक देणार आहे.

खाणावळवालीचं खातं माझ्या फोनवरून उघडतं. मावशी गेल्याचं मी तिथे कळवलं, तेव्हा सरदारानं कंसात विचारलं, तुम्ही खाणावळवालीचं पुढे लिहाल का? मी नाही म्हटलं. गेली त्याच्या आदल्या दुपारी मावशीनं तिला नावाड्याच्या शेजारी, एक पायरी वर, बसवलं होतं. ती तिथेच आहे. तिला उठवायचा अधिकार माझा नाही.

त्या सकाळी ती नेहमीसारखी घाईत होती. दारात चपला अडकवताना मागे वळून मला म्हणाली, "फोन चार्जिंगला आहे, काढू नकोस. दूध वर आलं की गॅस बंद कर. येते."