चाकोरीतली छबू

सोजराबाई गच्चीवर कुरडया राखत बसली आहे, निदान सुनेची तरी तशी समजूत आहे. खरं सांगायचं तर वैशाखातली दुपार, पोटात भाकरी आणि पाठीशी पाण्याच्या टाकीची सावली असल्यावर कुरडयाच तिला राखत असतील. मांडीवर कावळे हाकायची काठी आहे. डोळे मिटतात, उघडतात, परत मिटतात. खाली सुनेचा मिक्सर घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. मग तो थांबतच नाही, आणि सोजराबाईच्या ध्यानात येतं की हा काही मिक्सर नव्हे. हे तंबूतलं मशीन आहे, पिक्चरची रिळं फिरवणारं.

कुरडयांखालची धोतरं वाऱ्यानं फुगतात आणि फुगलेलीच राहतात. त्यांच्याखाली कमानी उभ्या राहतात, कमानींखाली गाड्या येतात, गाड्यांना घोडे लागतात, आणि बार्शीतली चांगली सिमेंटची गच्ची बघता बघता उघडा माळ होऊन बसते.

"आली का ही अवदसा पुन्हा," सोजराबाई म्हणते.

पिक्चर तिच्या चांगल्या ओळखीचा आहे. तिचा नवरा नागनाथ, जो माघात वारला, तो जन्मभर टुरिंग टॉकीजवर होता. जत्रा आली की बैलगाड्यांवर तंबू, मशीन, चूल, बायकापोरं लादायची आणि निघायचं. त्यांच्याकडे एक इंग्रजी पिक्चर होता. गोरी माणसं छपराच्या गाड्या जोडून, पोरंबाळं घेऊन नव्या मुलखात राहायला निघतात, एवढीच त्याची गोष्ट. लोक त्याला गाड्यांचा पिक्चर म्हणत. नागनाथला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण माईक हातात घेऊन तो असा काही सांगायचा की ऐकत राहावं. गोऱ्या बापाला त्यानं रंगराव करून टाकलं होतं, आईला सगुणा, आजीला भागाबाई. बायकांचे आवाजसुद्धा तोच काढायचा.

त्यात भागाबाई वाटेत मरते. गाड्यांचा कप्तान तिला भर वाटेत पुरायला लावतो आणि सगळ्या गाड्या तिच्यावरून नेतो. तिथं नागनाथचा आवाज टिपेला जाई. "बघा मंडळी, दगडाच्या काळजाचा कप्तान! म्हातारीची माती अजून वली हाय, आन् वरनं गाड्या घालतोय मुडदा!" बाया पदर डोळ्याला लावायच्या, गडी पडद्यावर चपला भिरकावायचे.

आणि अहो, त्याच माणसानं काय करावं? म्हसवडची जत्रा उरकून निघाले आणि वाटेत त्यांची छबू तापानं गेली. अंगावर पिणारी पोर. बाभळीखाली जागा होती, ओढ्याकाठी होती. पण नागनाथनं खड्डा खणला तो गाडीवाटेच्या मधोमध, चाकोरीत. उजाडल्यावर पहिली गाडी त्यानं स्वतः हाकली, छबूवरून. मागून सगळ्या गाड्या गेल्या. सोजराबाई शेवटच्या गाडीत होती. तिनं तेव्हा तोंड मिटलं ते त्या बाबतीत कायमचंच. संसार झाला, पोरं झाली, नवरा म्हातारा होऊन गेला. लोक रडले, पण हिच्या डोळ्यातनं टिपूस नाही.

आता माळावरून तो चालत येतो आहे. खाली धोतर, वर कप्तानाची मोठ्या काठाची टोपी, हातात माईक. एरवी कुणालाही हसू आलं असतं.

"सोजर," तो म्हणतो. "आलीस बरं झालं. गाड्या खोळंबल्यात."

"मग मी काय करू? वढू?"

"छबूची जागा घावत न्हाई. ती घावल्याबिगर चाक हलत न्हाई बघ." तो मागं हात करतो. गाड्यांची रांग पार क्षितिजाला टेकली आहे आणि एकही घोडा कान हलवत नाही.

सोजराबाईच्या अंगाचा तिळपापड होतो. "आता घावत न्हाई व्हय? गाड्या घालताना बरी घावली!"

तो खाली बघतो. मेल्यावरही माणसाची खोड जात नाही. घरात काही बिनसलं की तो असाच अंगठ्यानं जमीन उकरायचा.

ती पुढं चालू लागते तर वाट तिच्याच स्वयंपाकघरातून जाते. फरशीवर चाकोऱ्या उमटल्या आहेत. गॅसच्या शेगडीखालून धूळ येते आहे आणि दूध उतू चाललं आहे, पण ते बंद करायला कुणी नाही. गोरी सगुणा ओट्याशी टोपडं घालून उभी आहे. ती वळते आणि नागनाथच्या बारीक बायकी आवाजात म्हणते, "अगं बया, किती हुडकायचं गं?" 

ती फरशीवर बसते आणि दोन्ही हातांनी उकरायला लागते. फरशी भाकरीच्या पिठासारखी सुटी होते. खाली मुरूम आहे, मग दगड, मग परत मुरूम. जिवाच्या आकांतानं उकरते आहे. आज हाडाचा एक तुकडा जरी हाती लागला तरी पुरे, असं तिला झालं आहे.

नागनाथ तिचं मनगट धरतो. हात थंडगार आहे.

"उकरू नगंस. कोल्ह्याचं काम तू करू नगंस, सोजर."

"कसला कोल्हा?"

आता ते रिकाम्या तंबूत आहेत. सतरंज्यांवर शेंगांची टरफलं पडली आहेत आणि पडद्यावर तोच कप्तान तोंड हलवतो आहे, आवाज नाही.

"म्हसवडला इंग्रजी शिकिवणारं एक मास्तर आलं हुतं पिक्चरला," नागनाथ म्हणतो. "खेळ सुटल्यावर मला बाजूला घेऊन म्हनले, भल्या माणसा, तू उलटं सांगतुयास. तो कप्तान दुष्ट न्हाई. तो म्हनतोय, म्हातारीला वाटेत ठिवा आन् वरनं गाड्या न्या. माती घट्ट बसंल, वास दबंल, लांडगं उकरायचं न्हाईत. तिला नीट झोपू द्या, असं म्हनतोय त्यो."

सोजराबाई पडद्यावरच्या कप्तानाकडे बघते.

"त्याच फेरीत आपली छबू गेली. त्या राती ओढ्याकाठी कोल्हं वरडत हुती. तुला ग्लानी हुती, मी ऐकत बसलो हुतो. तिथली माती भुसभुशीत. वाटंवर तेवढी घट्ट."

"मग मेल्या, मला सांगायला काय जीभ झडली हुती?" ती ओरडते. नवऱ्याला तिनं कधी अरेतुरे केलं नव्हतं. "सारा जन्म तुला कसाई समजून भाकरी वाढली मी! सारा जन्म!"

"सांगितलं असतं तर तुला रोज राती कोल्हं दिसली असती," तो म्हणतो. "म्हनलं, त्यापरीस मी दिसलेला बरा."

सोजराबाईला रडू फुटतं. टिपूस नव्हे, चांगलं धो धो. तिला आठवतं, त्या जत्रेनंतर भागाबाईला पुरतात त्या रिळाला हा माईक खाली ठेवून गप्प बसायचा. पब्लिक शिट्ट्या मारायचं. तिला वाटायचं, लाजत असेल मेला. आणि दरसाल त्या वाटेला तो मागं रेंगाळायचा, दिवस कलल्यावर मुक्कामाला यायचा, तेव्हा तिनं मनात पक्कं केलं होतं की हा गुत्त्यावर जातो.

"दारू न्हाई पीत हुतो," तो म्हणतो, तिनं विचारलेलं नसताना. "जागा बघत हुतो. येवढी सपाट केली की माझी मलाच घावली न्हाई. मागनं डांबर पडलं. आता तर काय."

"सरा," सोजराबाई डोळे पुसून म्हणते. "गडीमाणसाला काय घावतंय."

ती पायांतल्या वहाणा काढते. तंबूची कनात वर करून बाहेर पडते तर समोर डांबरी सडक, ऊन, आणि पेट्रोल पंपाच्या बोर्डाखाली उभे असलेले ते सगळे घोडे. ती सडकेवरून चालत राहते. मागं नागनाथ, त्याच्या मागं सगुणा, रंगराव, टोपडीवाल्या सगळ्या बाया. भागाबाईसुद्धा आहे, केसात माती घेऊन.  बाभळी नाहीत, ओढा नाही, खूण म्हणून काही उरलेलं नाही. पंप मागं पडतो, एक ढाबा मागं पडतो. ढाब्यातली माणसं जेवता जेवता बघतात आणि परत जेवू लागतात.

मग एका जागी तिची छाती दाटून येते. आधी ठणका, मग कळ. पोर भुकेनं किरकिरायला लागल्यावर यायची तशीच.

ती थांबते. "हितं," ती म्हणते.

नागनाथ गुडघे टेकतो, टोपी काढतो आणि डांबराला कान लावतो. बराच वेळ तसाच राहतो. त्याची पाठ हलते आहे. सोजराबाई त्याच्या पाठीवर हात ठेवते. आता पाठ थंड लागत नाही.

"नीट झोपलीय," तो म्हणतो. उठतो आणि तिच्याकडे बघतो, हुकमाची वाट बघितल्यासारखा. "गाड्या घालू का?"

  घोड्यांनी कान टवकारले आहेत.

"घाला," ती म्हणते. "पर दमानं. आन् पहिली तुमीच न्या."

चाकं वाजू लागतात.

"आत्या! ओ आत्या!" सून खांदा हलवते आहे. "उठा की! असं उन्हात झोपत्यात व्हय? आन् हे काय, पाणी सांडून घेतलं का अंगावर?"

सोजराबाई डोळे उघडते. चोळी पुढून भिजली आहे, दोन्हीकडं, आणि अंगाला चिकटली आहे. घाम म्हणावा तर पाठ कोरडी. पाण्याची कळशी तर खालीच राहिली आहे. ती चोळीला बोट लावते, ते बोट जिभेवर ठेवते. गोडसर, दुधाळ चव.

"आत्या, काय झालं? का बोलंना तुम्ही?"

"छबूचं हाय," सोजराबाई म्हणते.

सून घाबरते. म्हातारीला ऊन लागलं की काय म्हणून कपाळाला हात लावून बघते. या घरात ते नाव तिनं कधी ऐकलेलं नाही. "कोण छबू, आत्या?"

सोजराबाई पदर सारखा करते आणि सुनेला हाताला धरून शेजारी बसवते.

"तुझी थोरली नणंद."