वत्सलाबाईंच्या हातातलं रिव्हॉल्वर

धारवाडच्या मुलींच्या शाळेत वत्सलाबाई भूगोल शिकवत. त्यांनी फळ्यावर काढलेल्या नद्या जरा जास्तच वळणं घेत, कारण लहानपणच्या एका मोठ्या तापानंतर त्यांचा उजवा हात कायमचा थरथरत राहिला होता. मुलींना त्याची सवय झाली होती. बाईंना मात्र पस्तिशी उलटली तरी झाली नव्हती.

चीनच्या लढाईनंतर गावोगावी बंदूक शिकवायचे वर्ग निघाले, तसा हुबळीच्या वाटेवर उणकलच्या पलीकडे एका बंद पडलेल्या दगडखाणीत रायफल क्लबानेही बायकांसाठी रविवारचा वर्ग काढला. शाळेतल्या इंदुमतीबाईंना एकटीनं जायचं नव्हतं, म्हणून वत्सलाबाई सोबतीला गेल्या. इंदुमतीबाई लवकरच कंटाळल्या, वत्सलाबाई जात राहिल्या. पोटावर पडून रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, की हाताची थरथर पिशवीतच जिरून जाई.

वर्ग घेणारे पुंडलिक सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन आलेले, अळणावरकडचे. आणि खुर्ची टाकून नुसतं बघत बसणारे वादिराज वकील. त्यांना सगळे अण्णा म्हणत. एका रविवारी अण्णांनी मांडीवर एक लाकडी पेटी धरून आणली.

"माझ्या डोळ्यांनी वकिली सोडली," ते म्हणाले. "आता हे क्लबाचं."

पेटीत रिव्हॉल्वर होतं. वत्सलाबाईंनी पोलिसांच्या कमरेला लटकलेली रिव्हॉल्वरं पाहिली होती, ओबडधोबड, रंग उडालेली. हे तसलं नव्हतं. लांब, सरळ नळी. पोलादावर निळसर काळी झाक, भरून आलेल्या आभाळाला असते तशी. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तिच्यावर बारीक चौकड्या कोरलेल्या. मागच्या खाचेला केसाएवढे स्क्रू, नेम डावी-उजवीकडे आणि वर-खाली सरकवण्यासाठी. ते कुणाला धाक दाखवायला केलेलंच नव्हतं. कागदावरच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध गोळी जावी, एवढ्याचसाठी कुणीतरी सातासमुद्रापार बसून ते घासूनपुसून जुळवलं होतं.

"धरून बघा," अण्णा म्हणाले. आधी त्यांनी फिरता कोठा बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं.

बाईंनी हात मागे घेतला. "अण्णा, माझा हात..."

"दिसतो मला तो. एवढं दिसतं अजून."

बाईंनी धरलं. मूठ मोठीही नव्हती, लहानही नव्हती. बोटं आपोआप जागच्या जागी बसली. वजन होतं, पण ते हाताला खाली ओढत नव्हतं, हातात येऊन बसत होतं. अंगठ्यानं घोडा मागे ओढला तसा कोठा एक घर फिरला आणि नेमका थांबला. चाप दाबला, तर तो बोटाखाली जराही न सरकता एकदम सुटला, थंडीत वाळलेली काडी मोडावी तसा. माणसाच्या हातून इतकी नेटकी वस्तू होऊ शकते हे बाईंना ठाऊकच नव्हतं.

मग कित्येक रविवार सुभेदारांनी त्यांना रिकामंच चालवायला दिलं. नळीच्या टोकाला एक छोटा उभा तुकडा होता. सुभेदार त्याला माशी म्हणत. ती माशी मागच्या खाचेत मधोमध धरायची. बाईंच्या डोळ्यांपुढे ती नाचत सुटे. त्या श्वास कोंडून तिच्या थांबण्याची वाट बघत, आणि हात आणखीच थरथरे.

एकदा त्यांनी रिव्हॉल्वर टेबलावर ठेवून दिलं. "सुभेदार, हे माझं काम नाही."

"अक्का, माझीबी नाचती," सुभेदार म्हणाले. "अण्णांचीबी नाचायची. थांबलेली माशी मी उभ्या जन्मात बघितली नाही. नाचू दे तिला. तुम्ही खाचेत धरा आन् चाप दाबा. निधान, अक्का, निधान."

निधान म्हणजे सावकाश. कानडीतला तो शब्द धारवाडात सगळेच वापरत. पण इतरांचेही हात हलतात हे बाईंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सुभेदारांनी पहिल्यांदा गोळ्या भरून दिल्या. बाईंनी माशीला नाचू दिलं. दर वेळी आवाज झाला, हात उचलला गेला आणि रिव्हॉल्वर परत आपल्या जागी येऊन बसलं. सुभेदार जाऊन कागद घेऊन आले. एकही गोळी वर्तुळाबाहेर गेली नव्हती. अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि भोकांवरून बोट फिरवलं.

पुढे बेळगावच्या नेमबाजीच्या सामन्यांना बाई गेल्या. नवरा प्रभंजन रजा काढून सोबत आला होता. नऊवारीचा पदर खोचून बाई रांगेत उभ्या राहिल्या. बाकी सगळे पुरुष, बरेचसे फौजी. बाईंचा हात पाहून पंच जवळ आले.

"बाई, भीती वाटत असेल तर बसून घ्या."

"भीती नाही. हात असाच आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी घोडा ओढला.

त्या तिसऱ्या आल्या. पंचांनी त्यांचा कागद उन्हाकडे धरून शेजारच्या कॅप्टनला दाखवला. दोघंही आळीपाळीनं एकदा कागदाकडे आणि एकदा बाईंच्या हाताकडे बघत राहिले. परतीच्या गाडीनं अळणावर मागे टाकलं. मग प्रभंजन म्हणाला, "इतकी वर्षं मी त्या हाताला सांभाळत होतो गं."

अण्णा गेले. परदेशी काडतुसं मिळेनाशी झाली, सभासद पांगले. बाई तरीही रविवारी खाणीवर जाऊन सुभेदारांच्या देखरेखीखाली रिव्हॉल्वर उघडत, पुसत, तेलाचा हात फिरवत. शेवटी क्लब बंद झाला, तेव्हा सुभेदार आणि बाई मिळून ते हुबळीच्या पोलीस ठाण्यात सरकारजमा करायला गेले. तिथल्या हवालदारानं सवयीनं ते पेटीतून उचललं, कोठा उघडून पाहिला, बंद केला. कोठा बसल्याचा तो हलका आवाज ऐकून त्यानं तो पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. मग आतल्या दोघा शिपायांना हाक मारली.

"बर्री, इल्ली नोड्री," तो म्हणाला. या, इकडे बघा.

दोघंही त्याच्या खुर्चीभोवती उभे राहिले. एकानं माशीवरून हळूच बोट फिरवलं.

"कुणाचं हे?" हवालदारानं विचारलं.

सुभेदारांनी बाईंकडे बोट दाखवलं. हवालदार खुर्चीवरून उठला आणि त्यानं बाईंना बसायला खुर्ची दिली.

बाई थोडा वेळ बसल्या. मग दोघं दुर्गदबैलच्या बाजारातल्या गर्दीतून वाट काढत धारवाडच्या बसकडे निघाले.