कोरा फोन आणि भरलेला फोन

मी शिकवायचे त्या वर्गातल्या मुलींनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं, कारण ती सारखी काही ना काही जागच्या जागी लावत असायची. आता ती मोबाइलच्या साठवणीचे प्रोग्राम लिहिणाऱ्या ऑफिसात आहे आणि आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. तिच्या ऑफिसातली खबर मला तिच्याआधी तिच्या सासूबाई देतात.

फोन भरत आला की रेंगाळतो, हे आपण सगळेच भोगतो. पुसलेल्या फोटोची जागा लगेच मोकळी होत नाही. ती फोनला आधी आवरून घ्यावी लागते. "बाई, पाहुणे दारात आल्यावर ओटा आवरायला घ्यावा, तसं होतं ते," मुंगीने मला सांगितलं. तिचा प्रोग्राम ही आवराआवर फोन चार्जिंगला पडलेला असतानाच उरकून टाकतो.

एका छोट्या मोबाइल कंपनीला असाच प्रोग्राम हवा होता. बड्यांपुढे टिकायचं तर तिचा स्वस्त फोन वर्षभर वापरल्यावरही झटपट चालायला हवा. पण दुसऱ्या एका ऑफिसचा प्रोग्रामही शर्यतीत होता. काम तिकडे गेलं असतं, तर मुंगीची टीमच मोडणार होती.

कंपनीच्या लोकांना फरक दाखवण्यासाठी तिने नवा फोन मुद्दाम जुना केला. फोटो भरायचे, पुसायचे, पुन्हा भरायचे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी चिडवायचा, "नव्या नवरीला म्हातारी करतेस की गं!"

आणि ऐन दिवशी त्यानेच, पाहुण्यांपुढे बरा दिसावा म्हणून, तो फोन पुसून कोरा केला. कोऱ्या फोनवर फरक दिसणार कसा? तिथे तर दुसऱ्यांचाच प्रोग्राम कणभर पुढे होता.

"मी मदतच करायला गेलो गं..."

"राहू दे. आवरायला प्रोग्राम होता रे, तू कशाला हात घातलास!" म्हणत तिने सासूबाईंना फोन लावला. त्यांच्याकडे त्याच कंपनीचा फोन होता आणि त्यावर मुंगीचा प्रोग्राम वर्षभर चालत होता. "आई, तुमचा फोन घेऊन लगेच ऑफिसात या."

"येते. पण माझ्या नातीचा एक जरी फोटो पुसलास ना, तर गाठ माझ्याशी आहे!"

कंपनीच्या मालकीणबाईंनी तो काठोकाठ भरलेला फोन हातात घेतला. कॅमेरा उघडला, व्हिडिओ काढला. कुठे म्हणून अडलं नाही.

"छान आहे. पण एका फोनवरून मी कसं ठरवू?"

"ठरवूच नका," मुंगी म्हणाली. "तुमच्या माणसांचे वापरातले फोन घ्या. अर्ध्यांवर आमचा प्रोग्राम घाला, अर्ध्यांवर त्यांचा. महिनाभर वापरा आणि मग सांगा."

सहकाऱ्याने कपाळाला हात लावला. मुंगी मात्र निवांत घरी आली.

महिन्याने मालकीणबाईंनी काम तिच्याच टीमला दिलं. ही बातमी मला जिन्यातच मिळाली, अर्थात सासूबाईंकडून.