तोरणातला कोष

नाशिकहून सिल्वासाच्या या कारखान्यात आलो तेव्हा बायको म्हणाली होती, वर्षभराचा तर प्रश्न आहे. बदलीचा अर्ज याही वर्षी नामंजूर झाला आणि आता तिने विचारणंही सोडलं आहे. जेवणाच्या सुट्टीत मी कुंपणालगतच्या आसोपालवांपाशी, म्हणजे आपल्याकडच्या खोट्या अशोकांपाशी, जाऊन उभा राहतो. त्यांच्या पानांवर शेपटीवाली, काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेली फुलपाखरं अंडी घालतात. "साहेब, बाळंतपण झालं का?" असं कारखान्यातली पोरं विचारतात.

बाळंतपण कसलं! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. सुरवंट जरा अंगाने भरला की बुलबुल नेतो, नाहीतर गांधीलमाशी. या पावसाळ्यानंतर एकच कोषापर्यंत पोहोचला. पानाखाली, पानासारखाच हिरवा. त्यातून निघालेलं फुलपाखरू उडताना मला बघायचं होतं. या गावात एक तरी गोष्ट तडीस गेलेली बघायची होती. फांदी चुकू नये म्हणून मी तिला लाल धागा बांधला.

दसऱ्याला मशीनपूजा. सकाळी येऊन बघतो तर फांदीच नाही. माळीबुवा धुळ्याकडचे. मलाच समजावू लागले, "साहेब, तिले लाल धागा व्हता ना. माले वाटनं पूजानीच शे. म्हनीसन पहिले तीच तोडी."

इथे तोरणाला आसोपालव लागतो. शटरवरच्या तोरणात कोष सापडला, झेंडू आणि पानाच्या मध्ये दाबलेला, पण शाबूत. एवढं एक पान काढू द्या म्हटलं. सुपरवायझर म्हणाला, "मशीनपूजेचं तोरण आहे साहेब, दिवाळीपर्यंत हात नाही लावायचा. अपशकुन होतो." मी वाद घातला नाही. कोषाला खायला लागत नाही, तो तिथेही फुटेल, अशी मनाची समजूत घातली. पान मात्र वाळत गेलं आणि कोषाभोवती वळत गेलं.

एका दुपारी फुलपाखरू शटरखाली पडलेलं दिसलं. ओले पंख पसरायला जागाच मिळाली नव्हती. चुरगळलेले तसेच वाळले होते. बोट पुढे केलं तर लगेच चढलं. मला चारचौघांत रडू आलं. बाहेर नेऊन त्याला आसोपालवाच्या पानावर ठेवलं. ते टोकापर्यंत गेलं, पंख फडफडवले आणि खाली पडलं. बुंध्यावरून पुन्हा चढलं, पुन्हा पडलं. आपल्याला उडता येणार नाही हे त्याला कळत नव्हतं. भोंगा झाला. बुंध्याशी मुंग्या जमू लागल्या होत्या. मी आत गेलो.