चुलीवरून गेलेली गल्ली

बातमी आली तेव्हा मी पारशिवनीला एका शाळेच्या बांधकामावर होते. खिडकीच्या उंचीवरून मिस्त्रीशी माझा वाद चालला होता, तेवढ्यात टपाल कचेरीतला माणूस सायकलवरून निरोप घेऊन आला. कुसुम गेली. धंतोलीच्या दवाखान्यात, कावीळ उतरते आहे असं वाटता वाटता... मिस्त्रीला म्हटलं, ठेवा तुम्हाला हवी ती उंची. गेल्याच आठवड्यात तिला भेटून आले होते. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात बळ नाही, आणि या बाईची कुरकुर काय, तर वॉर्डाचं दार चुकीच्या बाजूला उघडतं! आता महिना उलटून गेला, तरी ती गेलीय असं मनाला पटत नाही. कुठल्यातरी साइटवर अडकली असेल, उशिरा येईल, असंच वाटत राहतं.

वास्तुकलेच्या आमच्या वर्गात मुली दोनच, म्हणून सरांनी आमची जोडी लावून टाकली. मी धंतोलीतल्या डॉक्टरांची लेक, नाकावर माशी बसू न देणारी. ती नाल्याकाठच्या झोपडपट्टीतून वसतिगृहात आलेली. पहिली दोन वर्षं आमचं अजिबात जमलं नाही. माझी रेघ सुंदर आणि तिची रेघ खरी, असं सर म्हणत, आणि त्याचा राग दोघींनाही येई. शेवटच्या वर्षी, सत्तरच्या दशकाच्या मध्यात, कॉलेजनं स्वस्त घरांचा प्रकल्प हाती घेतला आणि वस्ती निवडली ती नेमकी कुसुमची. समाजकार्य शिकणारी मुलंही आमच्यासोबत आली. सरकारी इंजिनिअर साहेबांची अट एकच होती. वस्तीच्या मधून सरळ गल्ली निघाली पाहिजे, पाण्याचा टँकर आणि दवाखान्याची गाडी आतवर गेली पाहिजे. गल्ली निघाली तर लोकांना आहे तिथेच जागा मिळणार होती, पक्की घरं बांधता येणार होती. नाही निघाली, तर सगळी वस्ती उचलून दूर माळावर.

तो उन्हाळा मला अजूनही झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. पांढरं ऊन, पत्र्यांवरून हलणारी हवा, आणि टेप धरून एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत फिरणाऱ्या आम्ही. जेवायच्या वेळी गेलो की भिवापुरी मिरचीचा ठेचा पुढे यायचा. माझ्या डोळ्यांतून धारा लागायच्या आणि बायका खुश व्हायच्या. एकेक झोपडी मोजून झाली. कुसुमच्या घराकडे टेप घेऊन निघाले, तर तिनं मला अडवलं. “राहू दे वं, ते मले पाठ आहे.” आणि खरंच, डोळे अर्धे मिटून तिनं ते कागदावर उतरवलं. मला तर तिचा हेवाच वाटला.

नकाशा दाखवला की लोक कशालाही छान म्हणायचे. मग कुसुमनं ठरवलं, घर जमिनीवरच काढायचं, खऱ्या मापाचं, चुन्याच्या फक्कीनं. बाजूच्या मोकळ्या जागेत आम्ही नमुन्याचं घर आखलं. काय सांगू ते दृश्य! भिंत नाही, छप्पर नाही, जमिनीवर नुसत्या पांढऱ्या रेघा. पण बायका दाराशी चपला काढून आत जात, हवेतल्या खिडकीतून एकमेकींना हाका मारत. एक म्हातारी तर खोलीच्या कोपऱ्यात सावली असल्यासारखी विसावली होती. मला वाटलं, हे असंच राहावं, विटा आणूच नयेत.

दुसऱ्या दिवशी गल्ली आखायला घेतली. सडकेपासून रेघ सरळ येत गेली आणि कुसुमच्या घराशी आल्यावर तिचे हात थांबले. रेघ तिच्या मायच्या चुलीतून जात होती. कुसुमनं कागदावर काढलं होतं ते तिच्या लहानपणीचं घर. ती वसतिगृहात गेल्यावर मायनं बाजूला छपरी काढून चूल तिकडे नेली होती. सुट्टीत ही त्याच छपरीत जेवायची, पण डोळे मिटले की तिला घर जुनंच दिसायचं. छपरी पाडली असती तर तिच्या आधारानं उभी असलेली भिंतही पडली असती. मायनं पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतली त्या वर्षी उभं केलेलं घर ते... एकटीनं, पोर काखेत घेऊन. माय बाहेर आली, रेघेकडे बघत राहिली.

“माह्या चुलीवरून गाडी नेतं का वं?”

गल्ली पलीकडे सरकवली असती तर शेजारच्या दोन घरांच्या चुली जात होत्या. मी चिडले. म्हटलं, जाऊ दे त्यांच्या, ही तुझी माय आहे. कुसुम रडत होती, पण आवाज शांत होता.

“म्हणून तं तिलेच मागता येते.”

दुपारभर मायलेकी त्या छपरीत बसून होत्या. काय बोलल्या ते मला कधीच कळलं नाही. ऊन कलल्यावर मायनं स्वतःच्या हातानं चूल उखडली आणि तिची माती घमेल्यात भरली. साहेब आले, गल्लीतून चालून गेले, वस्ती जागेवर राहिली. मायला घर मिळालं ते गल्लीच्या टोकाला, नाल्याजवळ. लेकीशी ती बोलायची, पण कुसुमनं नंतर बांधलेल्या घरी राहायला कधी गेली नाही. कुसुमनं पुढे विदर्भभर कितीतरी वस्त्यांत काम केलं. हाताखाली नवा मुलगा आला की ती त्याला आधी स्वतःचंच घर मोजून आणायला सांगायची. मुलं हसायची, बाईंचं डोकं फिरलंय म्हणायची.

ती गेली त्या दिवशी दवाखान्याची गाडी तिला घेऊन गल्लीतून थेट मायच्या दारापर्यंत आली. मला ते बघवेना.

मागच्या रविवारी सकाळी मायकडे गेले. ती दारात नव्हती. गल्लीच्या मधोमध, आपल्या आताच्या घरापासून चांगली लांब, वाकून सडा टाकत होती. रोजच टाकते म्हणे, कितीतरी वर्षांपासून. जे विचारायची कधी हिंमत झाली नव्हती ते विचारलं. मावशी, कुसुमवर अजून राग आहे का?

“होता ना. लय वर्ष होता.” तिनं बादली खाली ठेवली. “लेकी माहेरातून लुगडं नेतेत, भांडं नेतेत. माह्या पोरीनं चूल नेली... अन् साऱ्या वस्तीले देली.”

मागून टँकरवाल्यानं भोंगा दिला. माय बादली घेऊन बाजूला झाली. टँकर त्या ओल्या मातीवरून पुढे गेला, तशी ती परत मधोमध आली आणि उरलेलं पाणी तिथंच शिंपडलं.