सातापर्यंत मोजायचं

फळ्यावर खोटं लिहायचं आणि चेहरा धुतल्या तांदळासारखा ठेवायचा, ही माझी एकमेव कला. बजाजनगरच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतोय. पुस्तक लिहिलं नाही, पुरस्कार मिळाला नाही, पण माझी मुद्दाम केलेली चूक बघायला शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दारात येऊन उभे राहिलेत. (a + b)² = a² + b² असं ठसठशीत लिहायचं, वर्गाकडे वळायचं आणि मनात सातापर्यंत मोजायचं. तीनला पुढच्या बाकावरून कुणी ओरडलं तरी ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. सात झाले की मागच्या कुणाकडून तरी "सर, चुकलं" घ्यायचं, छातीवर हात ठेवून खुर्चीत कोसळायचं आणि म्हणायचं, "शाब्बास, जागे आहात."

सातच का, हे मी एकीलाच सांगितलं होतं. ती काही वर्षांपूर्वी बी.एड.च्या सराव पाठांसाठी माझ्याकडे आलेली छात्राध्यापिका. रोज पैठणहून एसटीनं यायची आणि तळहातावर लिहून आणलेलं बघत फळा भरायची.

"सर, पोरांना वाटलं मला येतच नाही, तर?"

"वाटू दे की. त्यांना तसंच वाटलं पाहिजे."

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तिची तालीम घेतली. कोसळायचं कसं, ते चार वेळा कोसळून दाखवलं. गोष्ट रंगवायची तर तिच्यात एक दुष्ट माणूस लागतो, हेही शिकवलं. शेवटच्या दिवशी ठेवणीतलं काढलं: √16 = ±4.

"हे पोरांसाठी नाही, शिक्षकांसाठी ठेव. निम्मे स्वतःच असं लिहितात. त्या चिन्हाचा अर्थ फक्त धन वर्गमूळ. म्हणजे चार, बस."

आणि सातचं कारण सांगितलं. माझी पहिली नोकरी खुलताबादला. तिथं शेवटच्या बाकावर एक मुलगी होती, बोलताना अडखळायची. चूक सगळ्यांत आधी तिला दिसायची, पण शब्द बाहेर यायला सात आकडे लागायचे. तोवर पुढचे ओरडून मोकळे. तिच्यासाठी थांबायला शिकलो. छात्राध्यापिकेनं ते वहीत उतरवून घेतलं, डोळेही पुसले.

गेल्या वर्षी शहरातल्या एका सभागृहात गणित-विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. व्यासपीठावर तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून तीच. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई शेजारी होत्या. त्यांना म्हटलं, "बघा, आता माझं नाव घेईल." नम्रतेनं मान खाली घालायची तयारीही करून ठेवली होती.

पडद्यावर अक्षरं आली: नियोजित त्रुटी पद्धती. खाली तिचं स्वतःचं नाव.

"माझे पहिले मार्गदर्शक सर फळ्यावरची एक चूक खपवून घेत नसत," ती सांगायला लागली. "मी खडू हातात घ्यायलाच घाबरायचे. त्या भीतीतूनच मला ही पद्धत सुचली."

बाई माझ्याकडे झुकल्या. "सर, हिचे दुसरे कोणी सर होते काय?"

"नाही. मीच तो."

तिनं फळ्यावर √16 = ±4 लिहिलं आणि वळली. ओठ हलत होते. तीन. चार. सभागृहभर माना डोलत होत्या, लोक वहीत उतरवून घेत होते. पाचला तिची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. तळहातावर लिहून आणणारी पोरगी होती ती. कुणीच बोललं नाही तर तिचा सगळा खेळ तिथंच आटोपणार होता, आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. सहा. सात. आठ. नऊला माझा हात वर गेला.

"मॅडम, चुकलं."

ती छातीवर हात ठेवून खुर्चीत कोसळली. माझ्यापेक्षा छान कोसळली. "शाब्बास सर, जागे आहात." टाळ्या पडल्या. तिला.

चहाच्या वेळी ती जवळ आली. "सर, रागावलात? गोष्टीत दुष्ट माणूस लागतो, तुम्हीच सांगितलेलं."

"व्हय. पण दुसरा कोणी मिळाला नाही का?"

तिनं बिस्किटांची बशी माझ्यापुढे केली. "तुमचं नाव घेतलं असतं तर पद्धत माझी राहिली नसती, सर."

माझ्या तोंडात बिस्कीट होतं. तेवढ्यावर निभावलं.

यंदा नवी छात्राध्यापिका आली. पहिल्याच दिवशी मला शिकवायला लागली. "सर, नियोजित त्रुटी पद्धत माहितीये का? आमच्या मॅडमनी काढलीये. चूक लिहायची अन् सातापर्यंत मोजायचं."

"सातच का?"

"ते नाही सांगितलं. आकडा चांगला असेल."

विज्ञानाच्या बाईंना चहाचा ठसका लागला.

मी तिच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तिनं चूक लिहिली, वळली, मोजायला लागली. तीनला पुढून आरोळी आली, तिनं लगेच शाब्बासकी देऊन टाकली. माझ्या शेजारच्या मुलीचं तोंड अर्धवट उघडलं होतं. तिनं ते मिटलं.

तास संपल्यावर छात्राध्यापिकेला खुलताबादची मुलगी सांगितली, सातही सांगितले. तिनं वहीत सातभोवती गोल काढला. मग म्हणाली, "एवढं महत्त्वाचं मॅडमनी का नाही सांगितलं?"

"विसरल्या असतील," मी म्हटलं. चेहरा धुतल्या तांदळासारखा ठेवला आणि मनात मोजायला लागलो.