दोनदा टकटक

आमच्या कुउसिवेसी गावात बडबड्या माणसाकडे जरा संशयानेच बघतात. पण ओइवा तुओमाला इतका कमी बोलायचा, की त्याची आम्हालासुद्धा काळजी वाटायची. इथल्या बर्फाच्या रिंकच्या कॅफेत मी कित्येक वर्षं कॉफी ओतते आहे. तो पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याचं नाक जेमतेम काउंटरला टेकत होतं. पायात स्केट्स, डोक्यावर हेल्मेट आणि तोंडातून शब्द नाही.

"काय हवंय?" मी विचारलं.

तो नुसता पुल्ल्याच्या, म्हणजे आमच्या गोड पावाच्या, ताटाकडे बघत राहिला. मागून दुसरं पोर ओरडलं, "राइली मावशी, त्याला पुल्ला हवाय. वरती जास्त साखर आहे ना, तो. मलापण. आणि दोन गरम सरबतं."

ते दुसरं पोर म्हणजे सांत्तू केक्किला. दोघांची घरं शेजारी-शेजारी. ओइवाचा बाप रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या गाडीवर, आई हॉस्पिटलात. त्या घरात तिघं मिळून दिवसाकाठी मूठभर वाक्यं बोलत असतील. सांत्तूच्या घरात मात्र रेडिओ बंद असला तरी चालू असल्यासारखा वाटायचा.

दोघांना बचावात जोडीने खेळवायला लागले आणि पंचाईत झाली. आइस हॉकीत ओरडावंच लागतं. चकती ज्याच्याकडे असते त्याला मान वर करायला सवड नसते. आपण मोकळे आहोत हे जोडीदारानेच त्याला सांगायचं असतं. ओइवा सांगायचाच नाही. कोच घसा फोडून म्हणायचा, "अरे, तोंड उघड की! थंडी आत शिरेल म्हणून घाबरतोस काय?" पोर लाल व्हायचं आणि ओठ आणखी घट्ट मिटून घ्यायचं.

तोड काढली सांत्तूने. स्टिक बर्फावर दोनदा वाजवायची. टकटक. म्हणजे मी मोकळा आहे, दे इकडे. ओइवाला ओरडायला नको, आणि ऐकण्यात तर तो पटाईतच होता. त्या दिवसापासून दोघं तसेच खेळले. टकटक झाली की ओइवा मान न वळवता चकती सोडायचा आणि ती बरोबर सांत्तूच्या स्टिकवर जाऊन बसायची. परगावचे लोक माझ्याकडे कॉफी घेताना विचारायचे, "ह्या पोराला पाठीला डोळे आहेत का हो?" मी म्हणायची, "डोळे नाहीत, कान आहेत." मला अभिमान वाटायचा, जसं काही मीच शिकवलं होतं.

शाळा संपली तसं आमच्या क्लबने दोघांनाही पगारावर घेतलं. पगार असा की उन्हाळ्यात दोघं लोकांची छपरं रंगवत फिरायचे. पण हिवाळ्यात ते खेळाडू होते. बसमधून गावोगाव जायचे, सामन्याच्या दिवशी दुपारी मॅकरोनी खाऊन झोपायचे, आणि हरले तरी जिंकले तरी नंतर सौनात, वाफेच्या खोलीत, जाऊन बसायचे. तिथेही बोलायचा सांत्तू. ओइवा तेवढा तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचा.

बाविसाव्या वर्षी, जानेवारीत, एका सकाळी ओइवा खांद्यावर बॅग घेऊन काउंटरशी आला.

"कुठे निघालास?"

"राउतामेकीला."

"आज कुठे सामना आहे?"

"सामना नाही. राहायला."

राउतामेकी आमच्या शेजारचं गाव, म्हणजे अर्थातच दुश्मन. त्यांचे दोन बचावपटू जखमी झाले, त्यांनी फोन केला आणि आमच्या क्लबने ओइवाला देऊन टाकलं. असल्या गोष्टी अशाच होतात, एका फोनवर. पोराला विचारलंही नाही.

"सांत्तूला सांगितलंस?"

"त्याने बॅग उचलायला मदत केली." मग दारापर्यंत जाऊन तो थांबला. "मावशी, तिकडचा पुल्ला कोरडा असतो म्हणतात."

मी सहा पुल्ले कागदात बांधून दिले आणि नंतर मागच्या खोलीत जाऊन रडले. उगाच कशाला लपवू.

फेब्रुवारीत राउतामेकीचा संघ आमच्याकडे खेळायला आला. सगळ्या गावाला माहीत होतं की दक्षिणेकडच्या एका मोठ्या क्लबचा माणूस सामना बघायला येतोय. त्यांना पहिल्या दर्जाच्या लीगसाठी एक बचावपटू हवा होता. एकच. आणि तो ओइवाला बघायला येत होता. ओइवाच्या बापाने गाडी रिंकच्या दाराशी उभी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून आत बसला. तो पाहुणा ओळखायला सोपा होता. एवढ्या बर्फात पातळ चामडी बूट घालून आला होता.

ओइवा त्या दिवशी सुंदर खेळला. अंगावर निळ्याऐवजी पिवळी जर्सी, ती बघवत नव्हती, पण खेळ जुनाच. सामना शेवटाकडे आला तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. चकती ओइवाकडे होती, त्याच्याच गोलच्या मागे, माझ्या कॅफेच्या काचेच्या अगदी समोर. मागून आमचा एक जण त्याच्या अंगावर धावून येत होता. सांत्तू बचाव सोडून पार पुढे आला होता आणि राउतामेकीच्या गोलसमोर एकटा उभा होता.

मी सांत्तूकडे बघत होते. त्याने आधी ओइवाकडे बघितलं. मग वर, पाहुण्याच्या खुर्चीकडे. मग स्टिक उचलली आणि बर्फावर दोनदा वाजवली.

ओइवाने मान वर केली नाही. चकती सुटली, सांत्तूच्या स्टिकवर जाऊन बसली आणि पुढच्या क्षणी जाळ्यात होती.

गाव नाचायला लागलं. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की पास कुणी दिला, आणि नाच थंडावला. ओइवा गोलमागे तसाच उभा होता. त्याचा बाप उठला, टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसला.

सामना संपल्यावर सांत्तू हसत काउंटरशी आला. "मावशी, कॉफी. आज फुकट पाहिजे."

"कॉफी संपली."

किटली समोर भरलेली होती. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "सवय आहे ती, मावशी. हात आपोआप जातो. मुद्दाम नाही केलं."

"सवय इकडेतिकडे बघत नाही, सांत्तू. तू बघितलंस."

सांत्तू गप्प राहिलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

दक्षिणेच्या क्लबने सांत्तूला घेतलं. गोल त्याच्या नावावर होता, आणि पातळ बुटांच्या माणसाला काय कळणार. राउतामेकीने वसंतात ओइवाला नारळ दिला. तिथले लोक अजून म्हणतात की त्याने सामना विकला. मी ते एकदा बाजारात ऐकलं आणि म्हणणाऱ्याला माशांच्या दुकानासमोर असं काही सुनावलं की बायका थांबून बघायला लागल्या. जे मी पाहिलं ते मात्र कुणाला सांगितलं नाही. सांत्तूलाही मीच पुल्ले घालून वाढवलं होतं.

आमच्या क्लबने ओइवाला परत घेतलं, जुन्याच पगारावर. सप्टेंबरात सराव सुरू झाला त्या सकाळी तो लवकर आला. मी कॉफी ठेवली. इतके महिने पोटात ठेवलेलं बाहेर आलंच.

"ओइवा, त्या दिवशी मी पाहिलं. त्याने मुद्दाम वाजवली."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"चकती सोडली तेव्हाच. तो समोरच्या संघात आहे हे मला ठाऊक होतं की."

"मग सोडलीस कशाला, मेल्या?"

त्याने पुल्ल्याचा तुकडा कॉफीत बुडवला, खाल्ला, आणि मग इतकं बोलला जितकं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "टकटक ऐकली की मी विचार करत नाही, मावशी. लहानपणापासून कधीच केला नाही. विचार करत बसलो असतो तर आम्हाला तसं खेळताच आलं नसतं."

मी दुसरा पुल्ला पुढे सरकवला.

नवा जोडीदार म्हणून त्याला यार्क्को मिळाला. वय छत्तीस, गुडघे खिळखिळे, दिवसा सुतारकाम. पहिल्याच सरावात काचेतून आवाज आला, "यार्क्को! डावीकडे! मोकळा आहे मी!" मी हातातला कप खाली ठेवला. आवाज ओइवाचा होता. जाडाभरडा, न वापरलेला.

यार्क्को वैतागून म्हणाला, "अरे, हळू. गुडघे गेलेत माझे, कान नाही."

तरी ओइवा ओरडत राहिला. आता तो सगळा हिवाळा ओरडतो, आणि बरा खेळतो. कोच खूश आहे. मला त्या आवाजाची अजून सवय झालेली नाही.

नाताळच्या सुट्टीत सांत्तू घरी आला. अंगावर महागाचा कोट होता. सराव चालू होता. तो माझ्या काउंटरशी येऊन काचेतून बघायला लागला. मी त्याला कॉफी दिली. चिडून चिडून माणूस किती दिवस चिडणार.

आतून आवाज आला, "यार्क्को, मागे माणूस!"

सांत्तू दचकला. "हा ओरडायला कधीपासून लागला?"

"तू गेल्यापासून."

त्याने कप खाली ठेवला. ओइवा चकती घेऊन आमच्या बाजूला आला, गोलच्या मागे, त्याच जागी, आमच्याकडे पाठ करून. सांत्तूचा हात वर गेला आणि बोटांच्या पेरांनी त्याने काचेवर दोनदा वाजवलं. ह्या वेळी खरंच सवयीने. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

ओइवा थांबला. चकती स्टिकखाली दाबून धरली, मान वळवून कोण आहे ते नीट बघितलं, आणि मग हात वर करून हसला.

"बघितलं त्याने," सांत्तू हळूच म्हणाला. "आधी बघितलं."

मी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. त्याने ती प्यायली नाही.